पोत्यातले केस

आयेनं ताकाचा वाडगा तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि बाजूला थुंकला. मग जिभेवरून दोन बोटांनी एक लांब पांढरा केस ओढून काढला आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला.

“ह्यो तिसरा. सकाळपासनं तिसरा.”

मी भाकरी मोडत होतो. माझ्याही घासात एक आला होता. तो मी मुकाट्यानं काढून विजारीला पुसला होता. आयेचा पारा चढलेला असताना आपण तोंड उघडायचं नसतं, एवढी अक्कल मला बाविसाव्या वर्षी आलेली होती.

“भाकरीत केस, ताकात केस, पान्याच्या घागरीत केस. जल्म मेंढरांत गेला माझा, पर एवढं केस पोटात कवा गेलं न्हाईत.”

“गेलं असतील की,” आतल्या खोलीतून दादा म्हणाला. “मेंढराचं तुला सवयीचं. ते तू गिळून टाकतीस.”

आयेला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं. दादाही हसला आणि त्याचं हसू खोकल्यात गेलं. तो खोकला सुरू झाला की आमच्या घरात कुणी बोलत नसे. आये हातात वाडगा धरून तशीच उभी राहायची. मी ताटात बघत बसायचो. खाटेखालून भोटू बाहेर यायचा, पुढचे दोन पाय खाटेवर टेकायचा आणि खोकला थांबेपर्यंत दादाच्या तोंडाकडं बघत राहायचा. तेवढ्या वेळात त्याच्या अंगाखाली मूठभर केस गळून पडलेले असायचे.

भोटू हा दादानं हिमाचलातून आणलेला कुत्रा. आमच्या आटपाडी-खानापूरकडची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर जातात, त्याला गलाईचा धंदा म्हणतात. आम्ही धनगर, आमचा धंदा मेंढरांचा. पण बाप गेला, पाठोपाठ दुष्काळानं मेंढरं निम्म्यावर आणली, तेव्हा दादा एका ओळखीच्या गलाईवाल्याबरोबर उत्तरेला निघून गेला. तिथल्या एका बाजारपेठेत, खिडकी नसलेल्या खोलीत, तो नऊ वर्षं तेजाबाच्या धुरात बसला. सत्त्याण्णवच्या दिवाळीत परत आला तेव्हा त्याच्या एका हातात पत्र्याची पेटी होती, दुसऱ्या हातात साखळी, साखळीला हा कुत्रा, आणि छातीत तो खोकला. त्याचं ठरलेलं लग्न पोरीच्या बापानं नुसता खोकला ऐकून मोडलं.

कुत्रा कसा मिळाला ते दादा रंगवून सांगायचा. तिकडचे मेंढपाळ थंडीत डोंगरावरून खाली उतरतात. बाजारातून मेंढरं चाललेली ऐकून दादा भट्टी सोडून बाहेर आला आणि त्यानं एका मेंढीच्या पाठीवर हात ठेवला. मेंढपाळ म्हातारा होता. त्याला दादाची भाषा येत नव्हती, पण हात कळला. पुढं दरसाल तो येताना दादाकडं चहाला यायचा. तीन वर्षांपूर्वी त्यानं हे पिल्लू आणून दिलं.

दादाचा हात होताच तसा. लहानपणी तो डोळे मिटून लोकर चिमटीत धरायचा आणि कातरलेली कुठली, आपोआप झडलेली कुठली, मेल्या मेंढीची ओढून काढलेली कुठली, ते सांगायचा. लोकर घ्यायला-द्यायला कुणी आलं की बाप त्या दहा वर्षांच्या पोराला पुढं बसवायचा. मी तेव्हा चार वर्षांचा. मला त्याचा फार हेवा वाटायचा. माझा हात मात्र पुढं कातर चालवायला बसला. मेंढरू न हलवता, कुठं ओरखडा न काढता लोकर एकसलग उतरवणारा वस्तीवर मीच होतो. तेवढी एक मिजास माझ्याकडं होती.

होळी झाली आणि भोटूचे केस झडायला लागले. आधी मांड्यांवरून, मग पाठीवरून, मग गळ्याखालून. हात लावला की पुंजका हातात यायचा. घरात वारा आला की केसांचे गोळे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळायचे.

दादाला ह्याचं काही वाटत नव्हतं. त्यानं एका फळीत बारीक खिळे ठोकून फणी केली होती. सकाळी उठल्याबरोबर भोटूला अंगणात न्यायचं, वाऱ्याच्या उलट बाजूला बसायचं आणि तासभर विंचरायचं. घर झाडायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं, कारण केराच्या फड्यानं केस उडतात. भाकरीत चमचाभर जवसाचं तेल घालायचं, आठवड्याला दोन अंडी. पाडव्यापर्यंत हे सगळं तो स्वतः करत होता. मग त्याला अंगणापर्यंत चालवेना आणि फणी माझ्या हातात आली.

“वरचं लांब केस ऱ्हाऊ दे,” खाटेवरून तो शिकवायचा. “ते ऊन अडवत्यात, छपरावानी. आतलं मऊ केस सुटल्यालं असतंय, तेवढंच काढायचं. दाबू नको. वढू नको. आन् कातर लावायची न्हाई, म्हाताऱ्यानं मला शपथ घातलीया.”

“आन् हे किती दीस?”

“दम धर की. थांबतंय ते.”

आजारी माणूस सगळ्यालाच थांबतंय म्हणतो. दादा खोकल्यालाही थांबतंय म्हणायचा. मी ते बोलणं कानामागं टाकलं.

दम मला कधीच नव्हता. त्या वर्षी दादासाठी आम्ही मेंढरं घेऊन कोकणात उतरलो नव्हतो. साठ मेंढरं ह्या वैराण माळावर जगवायची, दिवस उगवायच्या आत बाहेर काढायची, आणि त्यातून कुत्र्याची वेणीफणी. वस्तीवरची पोरं मला ‘दऱ्याप्पा, गंध-पावडर ऱ्हायली की’ म्हणून चिडवायची. मी तासाचं काम दहा मिनिटांत उरकायचो. मग दिवसभर केस झडायचे आणि आये माझ्या नावानं शंख करायची.

अजून एक गोष्ट सांगून टाकतो. भोटूला बाहेर काढायला दादाच्या खोलीत जावं लागायचं आणि मला ती खोली नको वाटायची. दादाच्या बरगड्या मला बघवत नव्हत्या. मी उंबऱ्यातूनच शीळ घालायचो. कुत्रा यायचा. दादा म्हणायचा, “बस की वाईच.” मी म्हणायचो, “मेंढरं सुटल्यात.” मेंढरं कधीच सुटलेली नसायची.

तालुक्याच्या डॉक्टरनं दादाला तपासलं आणि आयेला बाजूला घेऊन सांगितलं, घरात धूळ नको, धूर नको, केस तर अजिबात नकोत. आता छाती जेवढी शिल्लक आहे तेवढी जपा.

घरी आल्यावर आयेनं दादाच्या समोरच विषय काढला.

“हमरस्त्यावरच्या ढाब्यावाल्याला कुत्रं पायजेल हाय. त्याला देऊन टाकू.”

“आये, आधी मला दे धाडून,” दादा म्हणाला. “मग त्याला धाड.”

“आसं अभद्र बोलू नको.”

“मग तू बी बोलू नको. नऊ वर्सांत मला ह्यो एकच मिळालाय.”

आये माझ्याकडं वळली. आवाज खाली आणून म्हणाली, “दऱ्या, तू कायतरी कर. केस तरी जाऊ देत, न्हाईतर कुत्रं तरी. माझं पोरगं जायला नको.”

ते ऐकलं आणि मी मनाशी ठरवलं. मला वाटलं, किती सोपं आहे. उन्हाळा लागला की आपण मेंढरं कातरतो. कातरलेलं मेंढरू चार दिवसांत तरतरीत होतं. केस राहिलेच नाहीत तर झडणार काय? कुत्रा राहील, दादा राहील, आयेचं तोंड बंद होईल आणि माझी फणी सुटेल. म्हातारा मेंढपाळ बर्फातला. त्याला माणदेशातलं ऊन काय माहीत?

हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी आये दादाला घेऊन मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात गेली. चार दिवस तिथं ठेवणार होते. जीपमध्ये बसताना दादानं मला जवळ बोलावलं.

“भोटूला भायेर नेऊ नको उनाचं. खाटंखाली वलं पोतं टाकून दे. आन् विंचर.”

“विंचरतो.”

“तासभर.”

“व्हय रं बाबा, तासभर.”

जीपचा धुरळा खाली बसायच्या आत मी बापाची कातर दगडावर लावायला घेतली.

भोटू मेंढरासारखाच आडवा पडला. मी मानेपासून सुरुवात केली. त्यानं एकदा मान वळवून माझा हात चाटला, मग डोळे मिटले. तो माझ्यावर विश्वास टाकून पडला होता हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, बरं वाटतंय त्याला. वरचे लांब केस आणि आतले मऊ केस, सगळं एका पांघरुणासारखं उतरत गेलं. दोन तासांनी तो उभा राहिला तेव्हा निम्मा झाला होता, गुलाबी. अंगावर एक ओरखडा नव्हता. केसांनी एक अख्खं पोतं भरलं आणि ते मी खुशीत माळ्यावर टाकलं.

घर पुसून घेतलं. संध्याकाळी दूध प्यायलो, त्यात केस नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोटू खाटेखाली जायला लागला तर मी त्याला हाळी दिली. “चल, आता तुला कसलं वझं? चल मेंढरांसंगं.” महिन्याभरात अंगणाच्या पुढं न गेलेला कुत्रा शेपूट हलवत निघाला. मेंढरांच्या कडेनं धावला, मागं राहिलेलं कोकरू हुसकून पुढं घातलं. त्याच्या रक्तातच ते होतं. मी मनात म्हटलं, दादा येईल तेव्हा बघ कसा चकित होतो.

दुपारी बाराच्या सुमाराला मेंढरं एकाच्या डाळिंबाच्या बागेत शिरली. मालक शिव्या देत आला. मेंढरं बाहेर काढणं, त्याच्या पाया पडणं, खाल्लेली झाडं बघणं ह्यात तासभर गेला. उघडा माळ, झाड नाही, खाली मुरूम तापलेला. भोटू कुठं दिसेना. मला वाटलं, कंटाळून घरी गेला असेल.

तो घरी गेला नव्हता. पांगलेल्या चार मेंढ्यांच्या मागं जाऊन त्यानं त्या वळवल्या होत्या आणि तिथंच तो पडला होता. पाठीची कातडी लालभडक होऊन तिला फोड आले होते. जीभ बाहेर, तोंडाला फेस. पाय पोहल्यासारखे हलत होते. मी कॅनमधलं सगळं पाणी त्याच्या अंगावर ओतलं, ते वाफेसारखं उडून गेलं. मग त्याला खांद्यावर घेतला आणि विहिरीकडं पळत सुटलो. विहीर फार लांब नव्हती. पण त्याचं डोकं माझ्या छातीवर आपटायला लागलं, तेव्हाच मला कळलं की आता पळून उपयोग नाही. तरी मी विहिरीपर्यंत गेलो आणि त्याला पाण्यात बुडवला.

बांधावर हिवराचं एक झाड आहे. त्याच्या बुडाशी खड्डा काढून त्याला पुरला. पुरताना मी रडलो की नाही ते आठवत नाही. मला भीती वाटत होती, तेवढं आठवतं.

जीप आली तेव्हा मी आयेला गोठ्यामागं गाठलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, तिला सुटल्यासारखं होईल. ती मटकन खाली बसली आणि तिनं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली.

“मीच बोलले. केस जाऊ देत न्हाईतर कुत्रं जाऊ दे. माझ्याच तोंडातनं गेलं.”

“आता दादाला काय सांगू?”

“सांगू नको.” ती गुडघ्याला हात टेकून उठली. “मोट्या डॉक्टरनं दिवाळीचं काय खरं न्हाई म्हनून सांगितलंय. त्याला हे सांगू नको, दऱ्या. तो आजच जाईल.”

मी उंबऱ्यात उभा राहून दादाला सांगितलं की भोटूला शेतावर मेंढरांजवळ ठेवलाय. डॉक्टरनं घरात केस नको म्हटलंय, तू बरा झालास की आणू.

दादा माझ्याकडं बघत राहिला. “लांबनं दाखव की.”

“तुला बघून पळत यील. मग घरात केस.”

त्याला ते पटल्यासारखं दिसलं. “विंचरतोस न्हवं?”

“रोज.”

“मग केस आन मला रोज. बघू दे, कसं निघत्यात.”

मी हो म्हणालो.

संध्याकाळी मेंढरं आणून जाळीच्या कुंपणात घातली आणि माळ्यावरचं पोतं काढलं. कातरलेले केस तसेच नेऊन चालणार नव्हतं. विंचरून निघतात ते फक्त आतले मऊ केस. मी एक-एक करून वरचे लांब केस वेचून काढले, मऊ केस तळहातावर घोळवले, फणीत अडकवून पुन्हा ओढले. मूठभर केस तयार करायला मला सव्वा तास लागला. जिवंत कुत्र्याला विंचरायला तासभर मिळत नव्हता, आणि आता मेलेल्याला सव्वा तास देत होतो.

ते घेऊन मी पहिल्यांदा उंबरा ओलांडला. केस हातात द्यायचे तर जवळ जावंच लागणार होतं. दादानं पुंजका चिमटीत धरला, बोटांनी उकलला, नाकाशी नेला. मग एका केसाचं टोक बोटांत चोळत राहिला. मी घामानं भिजलो होतो.

“मऊ हाय,” तो म्हणाला. मग खाटेच्या कडेला भिंतीकडं सरकला आणि मोकळ्या जागेवर हात थोपटला. “बस.”

मी बसलो.

असं रोज चाललं. घरात केस नको म्हणणारी आयेही ह्या मुठीला अडवत नव्हती. दिवसाकाठी मूठभर केस आणि अर्धा तास. सुरुवातीला मी भोटूच्या गोष्टी रचून सांगायचो. आज त्यानं कोल्हा हाकलला, आज कोकराशी खेळला. दादा ऐकायचा. मग त्यालाच बोलायला यायचं. बापाच्या गोष्टी, ज्या मला आठवत नव्हत्या. हिमाचलातला पहिला बर्फ, तो बघून त्याला वाटलं होतं, कुणीतरी वरून लोकर पिंजतंय. भट्टीवरच्या मालकाची घोरण्याची नक्कल. हसला की खोकायचा. आता मी ताटात बघत बसत नव्हतो, त्याची पाठ धरत होतो. ती माझ्या पंजात मावायची. बोलता बोलता त्याची बोटं केस पिळत राहायची आणि मी उठायच्या वेळी त्याचा एक बारीक दोरा झालेला असायचा. तो दादा उशीच्या अभ्र्यात सारायचा.

एकदाच सगळं उघडं पडायची वेळ आली. आषाढात एका सकाळी दादा म्हणाला, मला दारापर्यंत ने. मी आणि आयेनं धरून नेला. चौकटीला टेकून त्यानं श्वास गोळा केला आणि शेताकडं तोंड करून हाक मारली, “भोटूऽऽ!”

आवाज कुंपणापर्यंत तरी गेला की नाही देव जाणे. आये पदर तोंडात धरून उभी होती. मेंढरं बेंबाटली. बाकी काही आलं नाही.

“वारं उलटं हाय,” मी म्हणालो.

“व्हय,” दादा म्हणाला. “उलटं हाय.” आणि पुन्हा त्यानं कधी हाक मारली नाही.

पोतं खाली खाली जात होतं. मी पुंजके लहान करायला लागलो. रात्री झोपताना हिशेब करायचो, आणि आज पंचवीस वर्षांनी सांगायला लाज वाटते, पण हिशेब असा असायचा की आधी काय संपेल.

नागपंचमीच्या दिवशी मी पुंजका घेऊन गेलो तेव्हा दादा उशीला टेकून बसला होता. त्याचा चेहरा त्या दिवशी बरा दिसत होता. तो सरकला, मी बसलो, हात पुढं केला. त्यानं पुंजका घेतला नाही.

“उद्यापास्नं केस आनू नको, दऱ्या.”

“का रं दादा?”

“पोत्यात असं किती ऱ्हायलं आसंल आता?”

बाहेर पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. माझा हात तसाच पुढं राहिला.

“कवा कळलं तुला?”

“कातरल्याचं व्हय? पैल्याच दिवशी. तू लई घोळलं हुतंस, पर टोक तुटल्यालं हुतं. माझी बोटं अजून हायत.” तो थांबला, श्वास घेतला. “मला राग आला. मग म्हटलं, असू दे. कातरू दे. जित्तं हाय न्हवं.”

पुढं केलेला हात मी मांडीवर घेतला.

“त्याची झड होळीला लागती, दऱ्या. आन् अखितीला थांबती. दरसाल. एक केस पडत न्हाई मग, दिवाळीपातुर. मी तुला दम धर म्हटलं हुतं.”

अखिती. अक्षय्य तृतीया. मी हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी कातर लावली होती. अजून पंधरा-सोळा दिवस. रोज एक तास.

“अखिती आली,” दादा म्हणाला. “मी वाट बघत ऱ्हायलो. म्हटलं, आज दऱ्या रिकाम्या हातानं यील. जित्तं आसतं तर तू नाचत आला आसतास, दादा, केस थांबलं म्हनून. तू तर आनतच ऱ्हायलास. तवा कळलं. तरी आषाढात एकदा हाक मारून बघितली.”

माझ्या घशातून जो आवाज आला तो मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. दादानं माझ्या मनगटावर हात ठेवला. हाताला वजनच नव्हतं.

“ऊन लागलं?”

“व्हय.”

“कुटं पुरलं?”

“हिवराच्या बुडाला.”

“बरं केलंस. तितं सावली हाय.”

“दादा, मग तू बोलला का न्हाईस? एवढं दीस?”

त्याला ह्या प्रश्नाचं नवल वाटल्यासारखं त्यानं माझ्याकडं बघितलं.

“बोललो आसतो तर तू आला आसतास का रोज?”

त्यानं माझ्या हातातला पुंजका घेतला, पिळायला लागला. मी उठलो. मेंढरं सुटल्यात म्हणालो. त्याला माहीत होतं की सुटलेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दारापर्यंत गेलो. हात रिकामे होते. रिकाम्या हातानं त्या खोलीत कसं शिरायचं ते मला येत नव्हतं. काय घेऊन जाऊ, काय बोलू, त्याच्या बोटांकडं कसं बघू? उद्या जाऊ, असं म्हणून मी जाळीकडं परतलो आणि मेंढरांजवळच झोपलो. त्याच्या दुसऱ्या दिवशीही मी उद्याच म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी दम धरला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी आये शेतावर आली. तिनं मला हाक मारली नाही. नुसती बांधावर उभी राहिली. मी सगळं टाकून धावलो.

दादा खाटेवर भिंतीला अगदी चिकटून, एका अंगावर पडला होता. अर्धी खाट मोकळी होती. मला वाटलं, शेवटी तळमळला असेल, तसा गेला असेल. मी त्याला सरळ करायला वाकलो.

“तळमळला न्हाई,” माझ्या मागून आये म्हणाली. “दोन दीस तसाच निजला हुता. मधी नीज, अंग अवघडंल म्हटलं, तर ऐकंना. म्हनायचा, दऱ्या बसाय येतोय.”